हँडल दोन्हीकडे वळवून बघ

२०२१ ची बकरी ईद बुधवारी आली, २१ जुलैला. करोनाचे दिवस होते. ईदची नमाज बहुतेकांनी घरातच अदा केली. गळाभेट नाही, कुणाचं येणं-जाणं नाही. बाहेर पाऊस मात्र दिवसभर थांबायचं नाव घेत नव्हता. रात्री उशिरा शेजारी वाटे पोचवले, भांडी आवरली आणि आम्ही झोपलो. पहाटे जाग आली ती पडवीत काहीतरी आपटल्याच्या आवाजाने. बटण दाबलं तर वीज नव्हती. पाय खाली ठेवला तो पाण्यात.

आम्हा चिपळूणकरांना वाशिष्ठीचं पाणी नवं नाही. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला होता. त्यामुळे पाणी कुठवर चढतं आणि कधी उतरतं याचा प्रत्येक घराचा एक हिशेब ठरलेला होता. या वेळी तो हिशेब चुकला. माझ्या मुलाने आजोबांना पाठीवर घेतलं आणि माळ्यावर नेलं. मी कागदपत्रांची पिशवी, धान्याचा एक डबा आणि अब्बांच्या गोळ्या एवढंच उचलू शकले. खालचं सगळं पाण्याने घेतलं: फ्रिज, कपाट, माझं शिलाई मशीन आणि पडवीत उभी केलेली मोटारसायकल.

पाणी ओसरल्यावर जे राहिलं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. गुडघाभर चिखल. त्या चिखलात काचा, पत्रे, खिळे. मुलगा एकोणीस वर्षांचा. आपलं घर अर्धं झालं की शेजाऱ्यांच्या घरी फावडं घेऊन जायचा. तिसऱ्या दिवशी उजव्या तळपायात काच घुसली. सहा टाके पडले आणि गडी खाटेवर बसला.

मोटारसायकल पडवीच्या कोपऱ्यात आडवी सापडली, तिच्यावर आमचाच फ्रिज. हिरो होंडाची स्प्लेंडर, २००६ सालची. मुलाचे वडील सुट्टीवर आले होते तेव्हा घेतलेली. ते कतारला असतात. त्या वेळी विमानं नेहमीसारखी सुरू नव्हती, सुट्टीही मिळत नव्हती. रोज फोनवर ते विचारायचे, "गाडीचं काय झालं?" मी म्हणायचे, "धुतली." याहून जास्त सांगण्यासारखं काही नव्हतं.

गाडीशिवाय मात्र चालणार नव्हतं. जवळची औषधाची दुकानंसुद्धा पाण्यात गेलेली. पिण्याचं पाणी लांबून आणायचं. अब्बांना डॉक्टरांकडे न्यायचं. मोहल्ल्यातल्या एका मेकॅनिक मुलाच्या हातापाया पडल्यावर तो दोन तासांसाठी आला. इंजिनमधलं तेल सोडलं तर ते दूध घातलेल्या चहासारखं निघालं. त्याने तेल टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं. कार्बोरेटर उघडून गाळ काढला, प्लग सुकवला. बऱ्याच किका मारल्यावर इंजिन खोकत खोकत सुरू झालं. मग तो म्हणाला, "भाभी, इंजिन झालं. पण हँडल वाकलंय, क्लचचा लिव्हर तुटलाय, तिन्ही वायरींमध्ये चिखल भरलाय. तेवढ्याला पंधरा दिवस तरी थांबावं लागेल. माझ्याकडे शंभर गाड्या रांगेत आहेत." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या दारातली रांग मी पाहिली होती.

अब्बा खुर्चीत बसून हे ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, "सामान मागव. आपण बसवू."

अब्बा म्हणजे माझे सासरे. सोळाव्या वर्षी मुंबईला गेले आणि नागपाड्याच्या एका गॅरेजात हाताखाली लागले. राजदूत, जावा, येझदी, बुलेट, पुढे या जपानी धर्तीच्या गाड्या. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांचे हात तेलात होते. पण आता त्यांना कंपवात होता. या आजाराचं एक विचित्र आहे. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की जास्त थरथरतो. वस्तू उचलायला गेलं की थरथर जरा कमी होते, पण बोटं ऐकत नाहीत. शर्टाचं बटण लावायला त्यांना दहा मिनिटं लागायची. आवाजही बसत चालला होता. जवळ कान नेल्याशिवाय त्यांचं बोलणं कळत नसे.

मी म्हटलं, "अब्बा, बसवणार कोण? याच्या पायाला टाके आहेत, आणि तुमचे..." पुढचं बोलले नाही.

ते म्हणाले, "हात तुझे. डोकं माझं. तू मशीन उघडलंस ना परवा?"

ते खरं होतं. शिलाई मशीन मी पूर्ण उघडून, रॉकेलने धुऊन, तेल घालून पुन्हा जुळवलं होतं. ते माझ्या कमाईचं होतं, त्याला मी कुणाची वाट पाहिली नाही. पण शिलाई मशीन चुकलं तर टाका सुटतो. मोटारसायकल चुकली तर काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि तिच्यावर बसणार होता माझा मुलगा.

सामान रत्नागिरीहून नणंदेने पाठवलं. मुलाचं म्हणणं होतं की बदलायचंच आहे तर ते रुंद, सरळ, नव्या फॅशनचं हँडल मागवूया. अब्बांनी नाही म्हटलं. कारण सांगितलं ते मला लगेच पटलं: वायरींची लांबी कंपनीने जुन्या हँडलच्या मापाने ठरवलेली असते. हँडल उंच किंवा रुंद घेतलं की वायर अपुरी पडते. ठेंगणं घेतलं की वायर जास्त होते आणि कुठेतरी मुडपते. बाही लांब करायची आणि कापड तेवढंच ठेवायचं, असं होत नाही. शेवटी त्याच गाडीचं, त्याच मापाचं हँडल आलं. सोबत क्लचची, अ‍ॅक्सिलेटरची आणि पुढच्या ब्रेकची अशा तीन वायरी, लिव्हर आणि ग्रिपची जोडी.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर आम्ही सुरुवात केली. अब्बांची खुर्ची पडवीत गाडीच्या पुढे ठेवली. मुलगा खाटेवर पाय लांब करून. गाडी मोठ्या स्टँडवर.

मी पाना उचलला तर अब्बा म्हणाले, "ठेव. आधी बघ."

अर्धा तास त्यांनी मला नुसतं बघायला लावलं. कोणती वायर कुठून निघते, कशाच्या मागून जाते, कोणत्या कडीतून जाते, कुठे पोचते. मी एका वहीच्या पानावर चित्र काढलं. प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली: क्लचला हिरवी, ब्रेकला लाल, अ‍ॅक्सिलेटरला पिवळी. मुलाने मोबाइलवर फोटो काढले. पण फोटोत पुढचं दिसतं, मागचं दिसत नाही. हे मला संध्याकाळी कळायचं होतं.

मग टाकीवर जुनी गोधडी टाकली, ओरखडा पडू नये म्हणून. आरसे काढले. वायरींचे अ‍ॅडजेस्टर सैल केले. पुढच्या चाकाकडून ब्रेकची वायर सोडवली, इंजिनकडून क्लचची. उजवीकडची बटणांची डबी दोन स्क्रू काढून उघडली. तिच्या आत अ‍ॅक्सिलेटरच्या मुठीला एक खाच असते आणि त्या खाचेत वायरीच्या टोकाचा धातूचा मणी बसलेला असतो. तो काढताना आतून चमचाभर चिखल पडला. डावीकडची डबीही तशीच उघडली. बटणांच्या विजेच्या तारा तोडायच्या नाहीत, सोडवायच्याही नाहीत. डब्या तशाच बाजूला लोंबू द्यायच्या. जुन्या ग्रिप निघेनात, त्या ब्लेडने उभ्या कापल्या. शेवटी मधल्या दोन पट्ट्यांचे चार बोल्ट सोडले आणि वाकडं हँडल माझ्या हातात आलं. त्याचं वजन मला वाटलं होतं त्याहून कमी होतं. एवढ्याशा नळीच्या भरवशावर माणूस घाट उतरतो.

नवं हँडल ठेवताना अब्बांनी एक खूण दाखवली. हँडलवर बारीक ठोकलेला एक ठिपका असतो. तो खालच्या पकडीच्या वरच्या काठाशी जुळवायचा. पट्टीवरही ठिपका असतो, तो पुढच्या बाजूला ठेवायचा. चारही बोल्ट आधी हाताने फिरवायचे. मग पुढचे दोन आवळायचे आणि नंतर मागचे दोन. मागे थोडी फट राहते, ती राहू द्यायची. मी ती फट पाहून जोर लावायला निघाले होते. "नको," ते म्हणाले. "ती फट ठेवलेलीच आहे. सगळीकडे फट बुजवायची नसते."

मग मुलाला लंगडत आणून सीटवर बसवलं. मनगटं सरळ राहतात का, हँडल पूर्ण वळवलं तर मूठ टाकीला लागते का, ते पाहिलं. उजव्या डबीच्या आत एक लहानशी खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसली पाहिजे. नाहीतर चालवताना डबी अख्खी मुठीबरोबर फिरते. माझी ती पहिल्यांदा बसली नाही आणि मी स्क्रू आवळू लागले. अब्बांना तिथून दिसणं शक्य नव्हतं. पण स्क्रू जड फिरतोय हे त्यांनी माझ्या खांद्यावरून ओळखलं. "जबरदस्ती करू नकोस. जागा चुकली असेल." खरंच चुकली होती.

वायरी घालण्याआधी त्यांना तेल पाजायचं होतं. खिडकीच्या गजाला वायर टांगली. वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन करून दोऱ्याने बांधला आणि त्यात इंजिन ऑइलचे काही थेंब सोडले. तेल नळीतून उतरून खालच्या टोकाला येईपर्यंत थांबायचं. अब्बा म्हणाले, आता नव्या वायरींना आतून अस्तर असतं, एवढी गरज नसते, पण माझ्या समाधानासाठी कर. त्या अर्ध्या तासात चहा झाला.

क्लचची वायर आधी घातली. लिव्हरला, अ‍ॅडजेस्टरला आणि त्याच्या नटला अशा तिघांनाही एक-एक चीर असते. तिन्ही चिरा एका रेषेत आणल्या की वायर बाजूने आत सरकते आणि मणी लिव्हरच्या घरात बसतो. हे मला फार आवडलं. सुईत दोरा ओवल्यासारखं. पण बसल्यावर अ‍ॅडजेस्टर आणि नट फिरवून त्या चिरा पुन्हा एका रेषेतून हलवायच्या, हे विसरायचं नाही. नाहीतर वायर आली तशी निघूनही जाते.

लिव्हर किती सैल ठेवायचा हे विचारलं तर अब्बा म्हणाले, "टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर." मी कापडाची टेप आणली. मुलगा हसायला लागला. अब्बा हसले नाहीत. म्हणाले, "आम्ही अंदाजाने करायचो. माप असेल तर माप घ्यावं." क्लच अगदी ताठ ठेवला तर तो पूर्ण धरत नाही, घसरतो आणि आतल्या प्लेटा जळतात. फार सैल ठेवला तर पूर्ण सुटत नाही, गिअर अडतो. अ‍ॅक्सिलेटरच्या मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळं फिरणं हवं. ब्रेकचं असं की लिव्हर सोडलेला असताना चाक मोकळं फिरलं पाहिजे, आणि दाबल्यावर लिव्हर मुठीला टेकायच्या आत चाक थांबलं पाहिजे.

अ‍ॅक्सिलेटरच्या खाचेत बोटभर ग्रीस लावलं, मणी बसवला, डबी बंद केली. मूठ पिळून सोडली की 'टक' असा आवाज करत ती आपणहून मागे आली. दोनदा, तीनदा. मी खूश झाले. असरची वेळ होत आली होती. सगळं जागेवर, एकही स्क्रू उरलेला नाही. मला वाटलं, झालं.

"किक मार," अब्बा म्हणाले.

आयुष्यात मी कधी किक मारली नव्हती. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. खोकला गेला होता. संथ, एकसारखा आवाज येऊ लागला. खाटेवरून मुलाने टाळी वाजवली. मी हात पुसायला फडकं घेतलं.

"मूठ सोड. हात लावू नकोस तिला. आता हँडल डावीकडे वळव. पूर्ण, अगदी शेवटपर्यंत."

मी हँडलचा मधला भाग धरून वळवलं. अर्ध्यावर काही झालं नाही. शेवटच्या टोकाला इंजिनचा आवाज चढला. फार नाही. पण मुठीला कुणाचा हात नव्हता. मी हँडल सरळ केलं, आवाज उतरला. पुन्हा वळवलं, पुन्हा चढला.

"बंद कर," अब्बा म्हणाले. इतका वेळ त्यांचा आवाज ऐकायला मला वाकावं लागत होतं. हे दोन शब्द मला उभ्याने ऐकू आले.

चूक सापडायला फार वेळ लागला नाही. पिवळ्या चिंधीची वायर पुढच्या शॉकअपच्या आतल्या बाजूने, मागून जायची होती. मी ती बाहेरून घेतली होती. बाहेरून ती नीटस दिसत होती. फोटोतही ती कुठून जाते ते दिसत नव्हतं, आणि चित्रावर मी नुसती एक रेघ ओढली होती. हँडल सरळ असताना दोन्ही रस्ते सारखेच. डावीकडे वळलं की शॉकअपची नळी वायरीला ढकलायची आणि वायर आतून ओढली जायची. मूठ न पिळता अ‍ॅक्सिलेटर वाढायचा. गल्लीच्या वळणावर, जिथे माणूस वेग कमी करतो, नेमकी तिथे गाडी आपणहून पुढे उडी मारणार. आणि आमच्या गल्लीच्या वळणावर दिवसभर मुलं खेळतात.

मी काहीच बोलले नाही. पाना घेतला आणि डबी पुन्हा उघडू लागले. शिलाई मशीनमध्ये दोरा एका कडीतून सुटला तरी मशीन चालतं, टाकाही पडतो. कपडा अंगावर चढल्यावर उसवतो. हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना कितीदा सांगितलं असेल!

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं.

"मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. एक गिऱ्हाईक राजदूत घेऊन आलं. त्याला उंच हँडल हवं होतं, त्या वेळी तशी हौस होती. वायरी मात्र जुन्याच ठेव म्हणाला, खर्च नको. मी ओढून-ताणून बसवल्या. बसल्या. सरळ उभ्या गाडीवर मूठ फिरत होती, ब्रेक लागत होता. मला घाई होती, शनिवार होता. तो गाडी घेऊन निघाला आणि पहिल्याच वळणावर हातगाडीवर गेला. गळ्याचं हाड मोडलं. चार दिवसांनी त्याचा भाऊ गॅरेजात आला. मालक म्हणाला, तुमचा माणूस जोरात वळला, आमचं काम चोख आहे. मी तिथेच उभा होतो. हातात पाना होता. मला माहीत होतं काय झालं ते. मी बोललो नाही."

"मग?"

"मग काही नाही. तो भाऊ गेला. मला त्यांचं घर माहीत होतं, दोन गल्ल्या सोडून. कितीदा त्या रस्त्याने निघालो आणि दुसरीकडून गेलो. नंतर ते लोक तिथून गेले." थोडं थांबून म्हणाले, "त्यानंतर हँडलला हात लावलेली एकही गाडी दोन्हीकडे वळवून ऐकल्याशिवाय मी कुणाच्या ताब्यात दिली नाही. पण त्या माणसाला त्याचा काय उपयोग?"

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि जोरात थरथरत होते. मला काय बोलावं सुचेना. मुलगा खाटेवर बसून सगळं ऐकत होता. तो मोबाइल खाली ठेवून आजोबांकडे बघत राहिला.

मी वायर पुन्हा काढली, शॉकअपच्या आतून घेतली, कडीत घातली, मणी बसवला, मुठीचं मोकळं फिरणं पुन्हा मोजलं. किक मारली. हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण. आवाज जिथल्या तिथे. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं आणि हाताने खूण केली: अजून एकदा. अजून एकदा वळवलं. मग क्लच दाबून दोन्ही टोकांना बघितला, तो कुठे ताठ होतो का. मग ब्रेक. हॉर्न, इंडिकेटर, हेडलाइट. तोवर मगरिबची अजान झाली.

रात्री कतारहून फोन आला. नेहमीचा प्रश्न: "गाडीचं काय झालं?" मी सांगितलं, हँडल बसवलं. ते म्हणाले, "कुणी?" मी म्हटलं, "मी. आधी चुकीचं बसवलं. अ‍ॅक्सिलेटरची वायर बाहेरून घेतली होती, अब्बांनी पकडलं, मग नीट बसवलं." पलीकडे दोन क्षण आवाज नव्हता. मग म्हणाले, "चुकलं होतं ते सांगायची काय गरज होती? मी काही बघायला आलो नसतो." मी म्हटलं, "गरज होती."

अब्बा आतल्या खोलीत जागे होते. त्यांनी ऐकलं असेल.

मुलाचे टाके निघाल्यावरही त्यांनी त्याला लगेच गाडी दिली नाही. आधी ती हाताने ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत न्यायला लावली, मध्ये मध्ये ब्रेक दाबत. मग पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने. आठवड्याने पुन्हा टेप घेऊन माप घ्यायला लावलं, कारण नव्या वायरी वापरात जराशा बसतात आणि लिव्हर सैल होतो. खरंच क्लच थोडा सैल झाला होता. अ‍ॅडजेस्टरचे दोन फेरे दिले आणि नट आवळला. या वेळी ते काम मुलाने केलं, मी बाजूला उभी होते.

अब्बा आता नाहीत. दोन वर्षांनी, हिवाळ्यात गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. शेवटच्या काही महिन्यांत बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. पडवीत गाडी सुरू झाली की मात्र खुर्चीतून मान तिकडे वळायची.

गाडी अजून आहे. तिला सगळीकडे गंज चढलाय. पुरात बुडालेल्या लोखंडाचं तसंच होतं. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्यामुळे ती बहुतेक वेळ उभीच असते. गेल्या वर्षी क्लचची वायर पुन्हा बदलावी लागली. या वेळी गॅरेजात दिली. आणायला मी गेले. पैसे देण्याआधी मी गाडी सुरू केली, मुठीवरचा हात काढला आणि हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे शेवटपर्यंत वळवलं. गॅरेजवाला जरा नाराज झाला. "भाभी, काम पक्कं केलंय," म्हणाला. मी म्हटलं, "केलं असेल. मी फक्त ऐकते."

माझ्या बहिणींना म्हणूनच सांगावंसं वाटतं. आपल्या घरातली गाडी आपण चालवत नसू, पण तिच्यावर आपलंच माणूस बसतं. हँडल, वायर किंवा लिव्हर बदलून गाडी घरी आली की एवढं करा. मोठ्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये सुरू करा. मुठीला हात न लावता हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि कान द्या. आवाज चढला तर गाडी परत पाठवा. मूठ पिळून सोडा, ती आपणहून मागे आली पाहिजे. पुढचा ब्रेक दाबून गाडी ढकलून बघा. याला पाच मिनिटं लागतात आणि पाना लागत नाही.

मुलगा सुट्टीत घरी आला की गाडी बाहेर काढतो. आरसा पुसतो, किक मारतो. मग बसण्याआधी, काहीही बदललेलं नसताना, हँडल एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवतो. मी स्वयंपाकघरात असते. आवाज चढत नाही. मग गाडी गल्लीच्या वळणापर्यंत जाते, आणि मी भाकरी उलटते.